खांब उपटले तो दिवस

आमच्या कुरुळीच्या मळ्यात विजेचे खांब आले ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आणि मोट मोडली ती माझ्या हट्टामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला दोष देत बसायला नको. घरात सातवी पास मी एकटी. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, रोज ओसरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझं. पदर डोक्यावर, नजर खाली, पण आवाज खणखणीत. सरकार गावोगाव वीज देणार, विहिरींवर मोटारी बसणार, हे मी इतकं रंगवून वाचायचे की सासूबाई म्हणायच्या, "हिला काय इजंचं कमिशन मिळतंय का काय!"

लोखंडी खांब थेट विहिरीपर्यंत रोवले गेले, तशी मी मामंजींच्या मागेच लागले. मोटेची बैलजोडी चाकणच्या बाजारात विकायची आणि त्यात विजेची मोटार घ्यायची. शेवटी जोडी विकली, मोटार आली. ती बसवायला चाकणचे मिस्त्री आले, मुसलमान गृहस्थ, मामंजींचे जुने स्नेही. नट आवळता आवळता ते म्हणाले, "राव, तार वढू द्या आधी, मग मोट मोडा. घाई काय हाय?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराआडून ठणकावलं, "खांब काय शोभंला हुबं केल्यात व्हय?" मिस्त्री हसले. मोटेचं कातडं चांभाराकडे गेलं आणि घरातल्या सगळ्यांना करकरीत वहाणा झाल्या. खंडेनवमीला औजारांबरोबर मोटारीची पूजा झाली, आणि मी हौसेनं खांबालाही झेंडूची माळ बांधली. सुनेच्या शब्दावर त्या घरात पहिल्यांदाच एवढं काही घडत होतं. मी हवेतच होते.

मार्गशीर्षात कांद्याची लागण केली. पहिलं पाणी भावकीतली मोट एक दिवस मागून आणून दिलं. आठ दिवसांत तारा येतील, असं लाइनवरचा मुकादम सांगून गेला होता. रोपानं जेमतेम जीव धरला होता.

सातव्या दिवशी सकाळी ट्रक आला. मी मळलेलं पीठ तसंच टाकून नारळ घेऊन धावले. मुकादम माझ्याकडे बघेना. त्याच्या माणसांनी कुदळी काढल्या आणि विहिरीजवळचा खांब बुडातून उकरायला घेतला. मला वाटलं, वाकडा झाला असेल, सरळ करताहेत. खांब आडवा झाला, माणसांनी तो उचलला आणि ट्रकमध्ये टाकला. मग पुढचा. मी नारळ छातीशी धरून नुसती उभी.

"आवो, ह्यो काय परकार?" मामंजी ओरडले.

"बाबा, तारा परदेशातनं यायच्या व्हत्या," मुकादम म्हणाला. "सरकारजवळचं परदेशी चलन संपलंय. वरनं हुकूम हाय, आसंल तेवढा माल, खांबसुदिक, पिंपरीच्या कारखान्याच्या लाइनीला द्या. गावांचं मागाहून."

"सरकारचा पैका संपतोय?"

"आपला न्हाई. भाईरच्या देशांला द्यायचा."

मामंजींना ते कळलं नाही. मला कळलं. परदेशी चलनाच्या टंचाईच्या बातम्या कितीतरी दिवस छापून येत होत्या. आपल्याला काय करायचंय त्यांच्याशी, म्हणून मीच त्या गाळून पुढचं वाचत होते. दिल्लीतली ती तंगी आमच्या कांद्याच्या वाफ्यापर्यंत येईल हे मला, त्या घरातल्या एकुलत्या एक शहाणीला, सुचलंच नव्हतं.

भावकीनं आणखी दोनदा मोट दिली. त्यांचेही गहू पाण्याला आले होते, कुणाला किती विचारणार? आम्ही सासू-सुना घागरींनी पाणी घालत राहिलो. घागरीनं कुठे मळा भिजतो! पात पिवळी पडली, मग रोपांनी माना टाकल्या. मामंजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

कांदा गेला, बैल तर आधीच गेले होते. माझा नवरा पिंपरीच्या त्याच कारखान्यात लागला आणि तिकडेच चौघांच्या खोलीत राहू लागला. पहिल्या सुट्टीला घरी आला तो नुसता शिफ्ट, ओव्हरटाइम आणि मशीन. जेवताना कौतुकानं म्हणाला, "आबा, आमच्या खात्यात भर दुपारीबी दिवे चालू आसत्यात. कुणी बंदच करीत न्हाई."

मामंजींचा घास हातातच राहिला. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतला आणि बाहेर निघून गेले.

"काय चुकलं माझं?" नवऱ्यानं मला विचारलं.

तुमचं नाही, माझं चुकलं, हे मनातच ठेवून मी मामंजींचं ताट झाकून ठेवलं.