हिरवा चुडा आणि इंटरलॉकचं पातं

"ऊठ," मी म्हणालो.

मशीन चालू होती. लेझीम पथकाच्या पँटचा एक पाय अर्धा शिवून झालेला. भाग्यश्रीनं पॅडलवरचा पाय उचलला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"काय चुकलं, काका?"

"शिलाई चांगली आहे. बांगड्या काढ, मग बस."

तिनं दोन्ही हात मागं लपवले. मनगटापासून पार वरपर्यंत हिरवा चुडा. मार्गशीर्षात लग्न झालेलं. नायगावची पोरगी, आमच्या उदगीरला सून म्हणून आली आणि हळद उतरायच्या आत माझ्या वर्कशॉपात काम मागायला आली. माहेरी इंटरलॉकवर हात बसलेला. पदर कमरेला खोचून, केस बांधून मशीनवर बसायचं, हे तिला सांगावं लागलं नाही. चुड्याचं तेवढं सांगावं लागलं.

इंटरलॉक म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. अंगातला शर्ट उलटा करून बघा. आत शिलाईच्या कडेला दोऱ्याची जाळी दिसेल. कापड कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात. ती कड बांधून टाकायचं काम ह्या मशीनचं. साधी मशीन नुसती शिवते. ही आधी कापते, मग शिवते. सुईच्या जरा पुढं, उजव्या अंगाला, एक पातं असतं. आम्ही त्याला कटर म्हणतो. सुईबरोबर तेही खालीवर होतं. कडेचं फालतू कापड छाटतं आणि लगेच मागून दोरे त्या कडेला गुंडाळले जातात. हे सगळं इतक्या झपाट्यानं, की डोळ्याला नुसतं धूसर दिसतं. त्या पात्याला कापड कुठलं आणि बोट कुठलं, हे कळत नाही.

म्हणून माझ्याकडं काही गोष्टींवर चर्चा नाही. टाचणी लावलेलं कापड मशीनखाली जाणार नाही, कारण पातं टाचणीवर आदळलं की तुकडा सरळ डोळ्याकडं उडतो. दोरा तुटला तर आधी स्विच बंद, आणि मोटर पुरती थांबेपर्यंत हात मांडीवर. आमच्या मोटरी जुन्या. स्विच बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतात, आणि तेवढ्यात पॅडलला पाय लागला तर सुई बोटातून आरपार. कापड ओढायचं नाही. मशीन आपलं आपण घेते, माणसानं फक्त दिशा दाखवायची. आणि हातात मोकळी बांगडी नाही. पुढं वाकलं की बांगड्या मनगटावर घसरतात, आणि उजव्या हातातल्या नेमक्या पात्याच्या तोंडाशी येऊन थांबतात.

"पहिली संक्रांत व्हायची हाय, काका," भाग्यश्री म्हणाली. "त्याच्या आधी चुडा उतरवायचा न्हाई, असं आत्याबाई म्हणतात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, गंगाबाई.

"मग संक्रांत झाली की ये."

"तवर ह्या पँटी कोण शिवणार?"

"ते माझं मी बघतो."

"आन् माझं?" तिचा आवाज बारीक झाला. "आत्याबाई म्हणल्यात, संक्रांतीपर्यंत जा, जमलं तर पुढचं बघू. मी घरी बसले तर म्हणतील, न्हाईच जमलं. मग कायमचंच घरी."

माझीही अडचण होतीच. इंटरलॉकवर नेहमी बसणारी माझी कारागीर कमल लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेलेली. मी कटिंगला. आणि ह्या पँटी ज्या शाळेच्या, तिथल्या पीटीच्या सरांचा फोन सकाळीच येऊन गेलेला.

"मास्तर, संक्रांत झाली की प्रॅक्टिस ड्रेसवरच घ्यायची आहे. सव्वीस जानेवारीला कलेक्टर येणार आहेत."

"मिळतील."

"नक्की ना?"

"मी दिलेली तारीख कधी चुकली असली तर सांगा."

सरांनी फोन ठेवला. तारीख मी दिलेली, तेव्हा ती पाळायची. पण तारखेसाठी पोरीचा हात त्या पात्यासमोर ठेवायचा नव्हता. मी भाग्यश्रीला काजं-बटणं करायला बसवलं आणि इंटरलॉकवर कपडा टाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री आली ती सासूला घेऊन. खरं म्हणजे सासूच तिला घेऊन आली. गंगाबाई दारातूनच सुरू झाल्या.

"मास्तर तुमीच का? नव्या नवरीला बांगड्या उतरव म्हणता? काय बोलून राहिले तुमी, कळतंय का?"

"कळतंय. बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. आमच्या घरात असलं चालत न्हाई."

"आणि माझ्या दुकानात मोकळी बांगडी चालत नाही."

"मग सून येणार न्हाई."

"नका पाठवू."

भाग्यश्री आमच्या दोघांच्या मधे उभी. एकदा तिकडं बघायची, एकदा इकडं. दोघंही मागं सरणारे नव्हते. मला माझा स्वभाव माहीत आहे आणि गंगाबाईंचा मला दारातच कळला होता.

"इकडं या," मी म्हणालो. "लांबूनच बघा. पुढं येऊ नका."

लाकडी फूटपट्टीच्या टोकाला मी एक काचेची बांगडी सुतळीनं अडकवली. मशीनवर जाड टॉवेल धरायला शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगितलं, डोळ्याला चष्मा चढवला, पॅडल दाबलं आणि पट्टी लांबून हळूच पुढं सरकवली. बांगडी मनगटावर लोंबते तशी पात्यापाशी लोंबली. कट्ट् असा आवाज झाला. स्विच बंद केला, मोटर थांबू दिली आणि मग टॉवेल काढला. बांगडीचा चुरा. एक काच टॉवेलात उभी घुसलेली.

गंगाबाईंनी सुनेचा उजवा हात स्वतःच्या हातात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"आगं बाई," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आन् तुमच्या मनगटावर लोंबतंय ते काय हाय? ते चालतं व्हय?"

माझं घड्याळ. पट्टा सैल झालेला. दुकानात कामाला असलेल्या सगळ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. मी घड्याळ काढून खिशात घातलं. तसंही ते बंदच होतं.

गंगाबाईंनी मशीनखाली पडलेल्या चिंध्यांकडं बघितलं. टी-शर्टच्या कापडाच्या लांब लांब पट्ट्या, कटरनं छाटलेल्या. खाली वाकून त्यांनी एक उचलली आणि ताणून बघितली.

"कापूस वेचायला जायचो तवा आमी कुठं बांगड्या काढत होतो?" त्या म्हणाल्या. "बोंडाच्या काट्यात अडकू नये म्हणून वर सारायच्या आन् चिंधी बांधायची. दिवसभर हलत न्हाई."

असं म्हणून त्यांनी भाग्यश्रीचा चुडा कोपराकडं सारला आणि वरून पट्टी गुंडाळून गाठ मारली. गाठीची दोन टोकं लोंबत राहिली.

"नाही चालणार," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"ही टोकं. बांगडी तरी फुटते. चिंधी दोऱ्यात अडकली तर हातच आत ओढून नेते. लोंबतं काहीच नको."

"मग बिनागाठीचं शिवा की! मास्तर तुमी हाव का मी?"

त्याला उत्तर द्यायचं म्हणजे शिवूनच द्यायचं होतं. टी-शर्टच्या गळ्याला लावतात ते रिब कापड मी घेतलं. ते ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. भाग्यश्रीच्या हाताचं माप घेतलं, मनगटाशी घट्ट आणि वर जरा सैल असं कापलं, आणि इंटरलॉकवर कड घेऊन बाहीसारखी नळी केली. इंटरलॉकची शिलाई संपली की मागं दोऱ्याची शेपटी राहते. ती मी सुईनं आत ओवून टाकली. म्हणजे लोंबायला काहीच उरलं नाही.

तशीच दुसरी केली आणि भाग्यश्रीनं दोन्ही हातांत नळ्या घातल्या. चुडा आत गडप.

"हात झाड," मी म्हणालो. "अजून जोरात. पाखरं हाकलतात तसा."

तिनं झाडला. बांगड्यांचा आवाज आला नाही. मी कान लावून ऐकलं. गंगाबाईंनी तर कान तिच्या हाताला टेकवलाच.

"झाकला चुडा," त्या जरा नाराजीनं म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "झाकला तर झाकला. फुटला तर न्हाई!"

"आता नियम ऐक," मी भाग्यश्रीला म्हणालो. "काम करताना बांगडी वाजली की पॅडलवरचा पाय उचलायचा. आधी नळी नीट करायची, मग कापड."

"हाव, काका."

आधी तिनं फालतू तुकड्यावर कड घेऊन दोऱ्याचा ताण बघितला. मग पँट घेतली. कापडाची खालची घडी पात्याखाली येत नाही ना, हे बोटानं चाचपून घेतलं. डावा हात कापड दाबून धरणाऱ्या फूटच्या डाव्या बाजूला, उजवा हात लांब, पुढं. पॅडल दाबलं. खर्रर्र करत कड बांधली गेली, दोऱ्यानं दोऱ्याला धरून, एकसारखी. मला तिथं सांगायला काही उरलं नव्हतं, तरी मी दोन गोष्टी सांगितल्या.

गंगाबाई त्या दिवशी घरी गेल्याच नाहीत. दुपारभर स्टुलावर बसून सुनेचं काम बघत होत्या. मधे मधे ओरडायच्या, "भाग्या, वाजली का गं?" आणि सगळ्या बाया एका सुरात, "न्हाई वाजली!" दुकानात इतका गोंधळ मी कधी चालू दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

संक्रांतीच्या आधी पँटींचा गठ्ठा तयार झाला. पीटीचे सर आले, एक पँट उलटी करून कड बघितली, बोटानं ओढून बघितली.

"मास्तर, हात कुणाचा?"

"माझ्या दुकानाचा," मी म्हणालो. मग भाग्यश्रीकडं बोट केलं. "म्हणजे तिचा."

संक्रांतीला गंगाबाईंनी सुनेचं हळदी-कुंकू केलं. हलव्याचे दागिने, काळी साडी आणि हातात अख्खा हिरवा चुडा. एक काकणही तडकलेलं नव्हतं. आलेल्या बायकांना वाण काय दिलं, तर रिबच्या नळ्या! उरलेलं कापड गंगाबाईंनी माझ्याकडून मागून नेलं होतं, आणि भाग्यश्रीनं त्या नळ्या शिवल्या होत्या. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बायांना त्याच आवडल्या. आता गल्लीत भाकऱ्या थापताना, गोठ्यात शेण काढताना, बायका नळ्या घालून दिसतात.

सणानंतरच्या सोमवारी भाग्यश्री वेळेवर मशीनवर हजर होती. सासू दारापर्यंत सोडायला आली होती.

"पुढचं काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरायचं काय त्यात?" गंगाबाई म्हणाल्या. "ती इथंच येणार. आन् मास्तर, सगळ्यांना सांगितलंय मी, नळी माझ्या डोक्यातून निघाली."

"शिवली कुणी?"

"शिवायला काय लागतंय!"

ह्यावर आमचं अजून मिटलेलं नाही. मिटायची घाईही नाही. मशीनवर बसणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे: कल्पना कुणाचीही असो, लोंबतं काही ठेवू नका, आणि आत हात घालायच्या आधी मोटर थांबलेली आहे का, ते कानानं नाही, डोळ्यानं बघा.