पाच चिठ्ठ्या

उद्या अकरा वाजता पुण्यात माझी मुलगी चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसेल आणि ते तिला एक प्रश्न नक्की विचारतील: ते पाच आकडे तुमच्याखेरीज कुणाला माहीत होते? शिवलीला त्यावर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ते उत्तर मीच तिला दिलेलं आहे. ती ते सरळ बघत देईल आणि त्यापायी तिची नोकरी जाईल. दोन दिवस झाले, धुणं वाळत घालताना, शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासताना हेच डोक्यात आहे. म्हणून पहिल्यापासून लिहून काढते.

शिवलीला आमची एकुलती एक. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, म्हणून ती मला आई न म्हणता अजून कानडीतलं अव्वाच म्हणते. तिचे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. ती दहावीत असताना गेले. माझं बी.ए. झालं होतं, कसबा बावड्यातल्या या घरातच मी शिकवण्या सुरू केल्या आणि तिला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं. वर्गात तीनच मुली होत्या. सत्त्याण्णव साली ती बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागली आणि पन्हाळ्याकडच्या रस्त्यांवर तिची नेमणूक झाली. सकाळी सातला लुना काढायची. संध्याकाळी परत आली की भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या.

पहिल्या दिवाळीला एका ठेकेदारानं घरी गुळाची ढेप पाठवली. मी ती ठेवून घेतली. शिवलीलानं आल्या आल्या विचारलं, "ही कुणी दिली?" मी सांगितलं. चहासुद्धा न घेता ती ढेप लुनाला बांधून परत द्यायला निघाली.

"अगं, गूळच आहे की," मी म्हणाले.

"अव्वा, आज गूळ हाय. तू आता कुणाकडनं काय घेऊ नको, बास."

मला राग आला होता. घरातली मोठी मी, आणि ही मला शिकवते.

दोन हजार एक साली खात्यानं तिला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. कामाचा दर्जा कसा तपासायचा आणि गैरव्यवहार कुठून शिरतो, असे दोन विषय. परत आली ती नुसती बोलतच होती. रस्ता करताना डांबराच्या आधी खडीचा थर टाकतात. तो ठरल्याएवढा जाड आहे का हे बघायला मध्ये मध्ये छोटे खड्डे काढून पट्टीनं मोजतात. आता हे खड्डे वर्षानुवर्षं काढले जायचे ते ठरलेल्या जागी. सावली बघून, चहाची टपरी बघून. ठेकेदाराला जागा आधीच माहीत, तिथं थर भरपूर. बाकीच्या रस्त्यावर कोण बघतंय?

तिला तिथं शिकवलं होतं की जागा कुणालाही आधी कळता कामा नये. आकड्यांचा एक तक्ता असतो, त्यावरून जागा निवडायच्या. ते तिनं आपल्या हाताखालच्या माणसांना शिकवायचं ठरवलं. गोदामात फळा लावला आणि रस्त्यावर काम करणारे बारा मैलकामगार समोर बसवले. त्या दिवशी मीही गेले होते, पन्हाळा बघायचं निमित्त करून. सगळ्यात पुढं आकाराम बसला होता. पन्नाशीचा, खड्डे काढून काढून पाठीत वाकलेला.

"मॅडम, खड्डा कुठं काढायचा ते ठेकेदाराला आदुगर सांगायचं नसतंय व्हय?" त्यानं विचारलं. "मग त्यो आमाला चा कशाला पाजतोय?"

सगळे हसले. शिवलीलाही हसली. "आकारामदादा, चहा आपल्या पैशानं प्यायचा आता."

"व्हय की. पर ह्यो तक्ता काय आमच्या डोस्क्यात शिरत न्हाय. त्यापरास चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी लहान पोराला बी कळती."

तिला ते पटलं. शंभर-शंभर मीटरला एक, अशा आठ किलोमीटरच्या ऐंशी चिठ्ठ्या तिनं केल्या आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात भरल्या. नियम एकच. तपासणीच्या दिवशी सकाळी, रस्त्यावर, सगळ्यांसमोर चिठ्ठी निघणार. पहिल्याच वेळेला तीन जागी थर कमी निघाला. ठेकेदाराला खडी पुन्हा टाकावी लागली. आकाराम महिनाभर हेच सांगत फिरत होता.

यापुढचं माझ्या हातून झालं.

दोन हजार दोनचा एप्रिल. सोमवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. शिवलीला डबा घेऊन शनिवारी घरी आली, कारण कार्यालयातलं कपाट कुणाच्याही किल्लीनं उघडायचं. आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट देवापुढं चिठ्ठ्या टाकून ठरते आणि चिठ्ठी घरातल्या मोठ्या बाईनं उचलायची असते. शिवलीलाचं पाळण्यातलं नावसुद्धा तसंच निघालं होतं. मी म्हणाले, "एवढा मोठा दिवस आहे. रस्त्यात कसल्या चिठ्ठ्या काढता? देवापुढं काढ, मी उचलते. सोमवारी तेच आकडे दे."

"तसं चालत नाही, अव्वा."

"का? देवावर भरवसा नाही, का माझ्यावर?"

ती थकलेली होती. तिनं देव्हाऱ्यासमोर डबा ठेवला. मी पाच चिठ्ठ्या उचलल्या. एकेक उलगडून ती वहीत लिहीत गेली आणि लिहिताना म्हणत गेली, "हा गुऱ्हाळापाशी. हा मोरीच्या पलीकडं. हा शाळेसमोर. हा वळणावरच्या चिंचेखाली. आणि हा शेवटचा, विहिरीजवळ." आपल्या सोयीसाठी चिठ्ठ्या शनिवारी घरी काढल्या, हेही तिनं वहीत लिहून ठेवलं. लपवायचं तिला सुचलंच नसतं.

त्याच संध्याकाळी ती केस धूत होती आणि मी अंबूबाईंच्या पायरीवर बसले होते. अंबूबाई आमच्या शेजारीण, वीस वर्षांचा घरोबा.

"पोरगी लई वाळली की वो बाई. ठेकेदाराच्या गड्यांवर डाफरून डाफरून आसंल," त्या म्हणाल्या.

"डाफरावं लागत नाही," मी म्हणाले. "चिठ्ठी निघाली की सगळे गप्प. आज माझ्याच हातानं काढल्यात." आणि मी बोटांवर मोजत पाचही जागा सांगितल्या. माझी मुलगी केवढी मोठी झाली आहे, एवढंच मला दाखवायचं होतं.

"मोरीपल्याड व्हय? आमचा पिराजी तितंच ठेकेदाराचा रोलर चालवतोय न्हवं का," अंबूबाई म्हणाल्या. पिराजी त्यांच्या भावाचा मुलगा, रविवारी त्यांच्याकडं जेवायला असायचा. मला ते माहीत होतं. क्षणभर काहीतरी खटकलंही. पण मी विषय बदलला, तोंडातून गेलेलं परत मागितलं नाही. शिवलीलाला त्याच रात्री सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या पाच चिठ्ठ्या काढल्या असत्या. दोन मिनिटांचं काम होतं.

सोमवारी पाचही खड्ड्यांत थर पुरेपूर निघाला. साहेबांनी पाठ थोपटली. वर डांबर पडलं.

दोन पावसाळ्यांत रस्ता बसला. दोन हजार चार साली दक्षता पथक आलं, त्यांनी आपल्या मनानं दहा जागी खणलं. कुठं निम्मा थर, कुठं त्याहून कमी. शिवलीलाच्या पाच जागांच्या आजूबाजूला तेवढा भरपूर. तिनंच जागा ठेकेदाराला विकल्या, असा अर्थ लावला गेला. वहीत तर लिहिलेलंच होतं की आकडे दोन दिवस आधी तिच्या घरात निघाले.

निलंबनाचा कागद घेऊन ती घरी आली. पाणी प्याली आणि मला म्हणाली, "अव्वा, खरं सांग. तू कुणाला बोलली होतीस?"

"मी कशाला बोलू?"

श्वास घ्यायच्या आत आलं ते तोंडातून. का आलं, हे आठ महिने स्वतःला विचारते आहे. अंबूबाईंना वाचवायचं होतं, पिराजीला वाचवायचं होतं, असं मनाला समजावून बघितलं. खरं म्हणजे तिच्या चेहऱ्याला घाबरले. गुळाची ढेप परत नेताना होता, तसा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. आठवड्यानं तिनं खुलासा टाइप करून आणला. मी वाचला. 'सदर आकडे माझ्या आईखेरीज कोणासही माहीत नव्हते व आईने ते कोणासही सांगितलेले नाहीत, याची मला खात्री आहे.'

या आठ महिन्यांत ती फारशी घराबाहेर पडली नाही. एक ठरत आलेलं स्थळ परत गेलं. गेल्या महिन्यात आकाराम घरी आला. उंबऱ्यातच बसला, आत येईना.

"मॅडम, चिठ्ठ्या बंद क्येल्या," तो म्हणाला. "नवं सायेब म्हनत्यात, चिठ्ठीत बी लबाडी हुती तर मग कशाला त्यो खेळ? आता परत टपरीजवळच खड्डा. चा बी परत सुरू झालाय. म्या पीत न्हाय."

"प्या हो आकारामदादा, चहानं काय होतंय," शिवलीला म्हणाली. तिच्या तोंडी ते ऐकवेना. मी आत निघून गेले.

काल पुण्याला निघताना तिनं मला नमस्कार केला. "काही होत नाही, अव्वा. मी एक रुपया घेतलेला नाही, आणि आपल्या घरातनं बाहेर काही गेलेलं नाही. एवढंच सांगायचंय."

खरं कळल्यावर ती पूर्ण सुटेल असं नाही. चिठ्ठ्या घरी काढल्याचा ठपका राहीलच. पण विकल्याचा डाग राहणार नाही. अंबूबाईंशी संबंध तुटतील. पिराजीला बोलावतील, त्याला दोन पोरं आहेत. आणि शिवलीला यानंतर माझ्याशी कशी वागेल, ते मला सांगता येत नाही.

ती माझा भाचा मल्लेश याच्याकडं उतरली आहे. सकाळी फोन करावा असं मघाशी ठरवलं होतं. पण सकाळी पाणी येईल, दूधवाला येईल आणि मी पुन्हा पुढं ढकलेन, स्वतःला ओळखते मी. आता रात्रीचा एक वाजत आला आहे. घंटा ऐकून मल्लेशची बायको दचकून उठेल, उठू दे. मी शिवलीलाला बोलवायला सांगणार. तिला म्हणणार, शिवू, मी अंबूबाईंना पाचही जागा सांगितल्या होत्या, आणि तुला खोटं बोलले. पहाटे साडेतीनची गाडी धरते, अकराच्या आत पोचते, साहेबांना माझ्या हातानं लिहून देते. ती गप्प राहिली तरी मी फोन ठेवणार नाही.

नंबर वहीत आहे. फोन करते.