वासिल्काच्या दोन वह्या

आमच्या तर्नोवो गावात उन्हाळ्यात कुणी एकटंच फिरायला आलं, तर ते एक तर जर्मन असतं, नाहीतर घरी भांडून आलेलं असतं. आमची माणसं एकटी सुट्टीला जात नाहीत. जातील कशाला? किल्ल्याचा चढ धापा टाकत चढायचा, तर शेजारी कुरकुर करायला कुणीतरी हवं की नको? म्हणून त्या मंगळवारी, जुलैच्या उन्हात, भर बारा वाजता एक साठीची बाई एकटीच माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी चष्मा सारखा करून तिला नीट बघून घेतलं.

मी दोन्का. गावात एका जुन्या व्यापाऱ्याचं घर आहे, त्याचं आता संग्रहालय केलंय, आणि त्याच्या तिकीट खिडकीत मी बावीस वर्षं बसते. तिकीट देणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे शिक्का मारणं. देशातली बघण्यासारखी शंभर ठिकाणं नेमून दिलेली आहेत आणि त्यांची एक वही मिळते. जिथं जाल तिथं वहीत शिक्का घ्यायचा, शंभर भरले की सोनेरी बिल्ला. या बिल्ल्यासाठी लोक काय काय करतात ते मला विचारा. पायाला प्लास्टर असताना आलेत, लग्नाच्या कपड्यांत आलेत. घर बघतंय कोण! शाई जरा फिकी लागली की मात्र माझ्याशी हुज्जत घालतात.

तर या बाईनं तिकीट काढलं एक आणि वह्या सरकवल्या दोन. एकीवर नाव होतं वासिल्का, राहणार विदिन. म्हणजे पार तिकडे डॅन्यूबच्या काठावरून आलेली. दुसरीवर नेद्याल्को, आडनाव तेच. फोटोत एक मिशाळ माणूस, कान हे एवढे मोठे. मी विचारलं, हे कुठायत?

"आमचे हे खाली आहेत, पाणपोईपाशी," ती म्हणाली. "वर नाही येणार."

आमच्या दारापासून खालच्या पाणपोईपर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणारे पुष्कळ नवरे खालीच बसतात, ते मला नवीन नाही. पण नियम म्हणजे नियम. माणूस स्वतः हजर असल्याशिवाय शिक्का नाही. तीन वर्षांपूर्वी एका बसवाल्यानं चाळीस पेन्शनरांच्या वह्या माझ्यासमोर आणून ओतल्या, पेन्शनर सगळे खाली बिअर पीत बसले होते, आणि मी मूर्खासारखे चाळीसच्या चाळीस शिक्के मारून दिले. आमच्या मुख्य बाईंनी सगळ्यांदेखत माझी अशी काही चंपी केली, की त्या दिवसापासून दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखी मी ताकसुद्धा फुंकून पिते.

तिच्या वहीत मी शिक्का मारला. तो तिचा शंभरावा होता. असा शंभरावा आला की मी उठून उभी राहते, हात मिळवते, आमची तशी पद्धत आहे. हिनं माझा हात हातात घेतला, पण लक्ष दुसऱ्या वहीवर. आणि यांचा? म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते वर आले की. तिनं दोन्ही वह्या पिशवीत टाकल्या, चार खोल्यांतून मांजरासारखी भर्रकन फिरून आली आणि खाली उतरून गेली.

गाव लहान आहे आमचं, जो तो जाता येता दिसतोच. दुपारी ती मला पुलावर दिसली, संध्याकाळी किल्ल्याच्या दारात, मग तांबटांच्या गल्लीत, परत पुलावर. माझी नणंद त्सोन्का दोन खोल्या भाड्यानं देते. ही बाई तिच्याकडेच उतरलेली निघाली. त्सोन्काला विचारायचा अवकाश, तिनं सगळा पाढा वाचला. पहाटे पाचला उठते. न्याहारीची चीजची बानित्सा उभ्यानं खाते, खुर्ची दिली तरी बसत नाही. किल्ला कितीला उघडतो, चर्च कितीला उघडतं, हे दहा वेळा विचारते, आणि सांगितलेलं ऐकायला थांबत नाही. पायाला भिंगरी बांधलीय जशी.

मी विचारलं, आणि नवरा?

"कुठला नवरा?" त्सोन्का म्हणाली. "मी तर तिला एकाच खाटेची खोली दिलीय."

झालं, माझं डोकं फिरलं. मी लगेच फोनाफोनी केली. चर्चमधल्या म्हाताऱ्यानं चष्मा न लावताच दोन्ही वह्यांवर शिक्के हाणले होते. किल्ल्यावरची पोरगी मोबाईलवर बोलत होती, तिनं तर वह्या कुणाच्या हेही बघितलं नाही. अशी गावातली पाच ठिकाणं बाईनं माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशीच उरकली होती. चौऱ्याण्णव आधीचे आणि हे पाच. म्हणजे त्या नेद्याल्कोचा, असलाच तो कुठे तर, फक्त एक शिक्का राहिला होता, आणि तो माझ्या हातात होता. बाकीचे सगळे झोपा काढतात म्हणून मी पण काढायच्या काय? म्हटलं, ये आता, बघतेच तुझ्याकडे.

बुधवारी ती तीन वेळा आली. सकाळी मी कुलूप काढत होते तेव्हा, दुपारी, आणि बंद करायच्या वेळी. दर वेळी तेच, आमचे हे खाली आहेत. मी दर वेळी तेच, त्यांना वर पाठवा. ती भांडायची नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा. नुसती उभी राहायची, पायरीवर टेकायची, लगेच उठायची, दारापर्यंत जाऊन परत यायची. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. शेवटी मी खेकसले, की अहो बाई, जरा एका जागी बसा की.

"बसवत नाही हो," ती म्हणाली, आणि गेली.

गुरुवारी खिडकीशी रांग होती, आणि रांगेत ही. तिची पाळी आली, पिशवीतून वही निघाली, आणि माझा तोल गेला. चार परक्या माणसांसमोर मी तिला म्हटलं, की चला, मीच येते खाली. तुमच्या यजमानांचं दर्शन तरी घेते. शिक्का मी कुणाच्या भरवशावर ठेवत नाही, तो खिशात घातला, शाईची डबी घातली, "पाच मिनिटांत येते"चा पुठ्ठा खिडकीला लावला आणि बाहेर आले. मला वाटलं होतं, आता हिचा चेहरा पडेल, हातापाया पडेल, खरं काय ते कबूल करेल. कसलं काय! तिचा चेहरा उजळला.

"याल तुम्ही?" ती म्हणाली. "खरंच याल?"

पायऱ्या उतरताना ती सारखी बोलत होती, दोन दिवसांचं एका दमात. नेद्याल्को बोटींवर मेकॅनिक, ही शर्टांच्या कारखान्यात शिवणाला. अकरा उन्हाळे दोघं जुनी खटारा गाडी घेऊन वह्या भरत फिरले. ठिकाण बघायचं, शिक्का घ्यायचा, गाडी बिघडायची, तो ती रस्त्याच्या कडेला दुरुस्त करायचा आणि ही टोमॅटो चिरायची. तर्नोवोची ठिकाणं त्यानंच मुद्दाम मागे ठेवली होती. लष्करातली दोन वर्षं त्यानं इथं काढलेली. तर्नोवो शेवटी, ते मी दाखवणार, असं म्हणायचा. मी मनात म्हटलं, बाई थाप तर झकास मारते. तपशील सगळे जागच्या जागी.

खाली आलो. पाणपोईपाशी कुणी नव्हतं. दगडी नळातून पाणी पडत होतं, चिनाराच्या सावलीत एक मांजर पसरलं होतं. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, कुठायत?

तिनं चिनाराकडे बोट दाखवलं. झाडाच्या बुंध्याला एक कागद टाचलेला होता.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि दोन ओळी छापून कागद लावतात. घराच्या दारावर, कामाच्या जागी, बस थांब्यावर, झाडांवर. चाळीस दिवसांनी परत, सहा महिन्यांनी परत, वर्षानं परत. मी रोज असे दहा कागद वाचते. पण मी घरून वरच्या गल्लीनं येते, या झाडावरचा काही माझ्या डोळ्यांखालून गेला नव्हता. जवळ गेले. तोच मिशाळ माणूस, तेच कान. सहा महिने झाले, नेद्याल्को, तुझ्याशिवाय. जानेवारीतली तारीख. खाली नाव, वासिल्का. चारी कोपऱ्यांना टाचण्या नीट, एका रेषेत. शिवणवालीचंच काम.

तिनं सांगितलं, चाळीस कागद छापले होते. विदिनमध्ये घरी लावले, धक्क्यावर लावले, त्याचे मित्र बसतात त्या दुकानाशी लावले. तरी पंधरा उरले.

"उरलेले टाकणार कुठं?" ती म्हणाली. "त्यांचं तोंड आहे त्याच्यावर. म्हटलं, सोबत घेऊन जाऊ. चर्चच्या भिंतीवर लावले, किल्ल्याखाली लावले. आधी यांना तिथं लावायचं, मग आत जायचं. तुमचा नियम मला माहीत होता हो. म्हणून तर आधी लावायची."

ज्या गावात त्याला कुत्रं ओळखत नाही, त्या गावात ही नवऱ्याचा कागद लावत फिरत होती. तो हजर असावा म्हणून. आणि मी तीन दिवस तिला खोटारडी समजत होते, गावभर फोन करून. माझी मलाच इतकी लाज वाटली, की त्या बाईकडे मान वर करून बघवेना. रडू आलं ते आलंच. मी पाणपोईच्या दगडावर बसले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हटलं, दे गं ती वही. अहोजाहो कधी सुटलं ते कळलंही नाही.

तिनं शेवटचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. एकच चौकोन कोरा होता. मी शिक्का शाईवर दाबला, तोंडाची वाफ दिली, चांगला ठसठशीत उमटावा म्हणून हात उचलला आणि खाली आणला. त्याच क्षणी तिनं चौकोनावर आपला हात ठेवला.

शिक्का तिच्या हातावर उमटला. पंजाच्या मागच्या बाजूला, शिरांवर, जांभळ्या गोलात आमचं घर, त्याचा सज्जा, खिडक्या, सगळं स्पष्ट. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग मला राग आला. कितीही लाज वाटली तरी माझा स्वभाव काही जात नाही.

"अगं बाई, तीन दिवस याच्यासाठी माझं डोकं खाल्लंस ना?"

"हो," ती म्हणाली. "पण हा बसला की यांचं सगळं बघून होतंय. मग मी यांना कुठं नेऊ?"

मी शिक्का पुसून खिशात टाकला. वरून रांगेतली माणसं हाका मारत होती, कुणीतरी पुठ्ठा वाजवत होतं. वाजवू दे म्हटलं. ती माझ्या शेजारी दगडावर बसली. मग तिनं वही मिटली, पिशवीत ठेवली आणि सांगितलं, की खोली शनिवारपर्यंत आहे, भाडं दिलंय. आणि विचारलं, की या गावात शिक्का नसलेलं बघण्यासारखं काही आहे का.

असा प्रश्न मला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी विचार केला आणि तिला आमच्या घरामागची वाट सांगितली. पडकी भिंत ओलांडली की कडा लागतो, खाली नदीचं मोठं वळण दिसतं, समोर लष्कराच्या जुन्या बराकी. तिथं पाटी नाही, तिकीट नाही, बाक पण मोडका आहे. लष्करातली पोरं सुट्टीच्या दिवशी त्याच कड्यावर यायची, आमच्या गावच्या मुलींना घेऊन.

"हे पण आले असतील," ती म्हणाली.

"आले असतील म्हणजे काय, आलेच असणार," मी म्हटलं. "एवढे कान असलेला पोरगा घरात बसतोय होय?"

ती हसली, मग डोळे पुसले, डाव्या हातानं. झाडावरच्या कागदाला तिनं हात लावला नाही, तो तिथंच राहू दिला. उठली आणि मी सांगितलेल्या वाटेनं निघाली. सावकाश चालत होती. शिक्का असलेला उजवा हात तिनं अंगापासून लांब धरला होता, शाई वाळेपर्यंत झग्याला पुसली जाऊ नये म्हणून.