पाठराखीण

बाई कधी कुणाच्या बरोबरीनं चालल्या नाहीत. त्यांच्याशी बोलत बोलत निघालं की थोड्याच वेळात लक्षात यायचं, आपण हवेशी बोलतोय. मान वळवून बघावं तर बाई मागे राहिलेल्या. खांद्याला खाकी कापडाची पिशवी, हातात मिटलेली छत्री आणि नजर आपल्या पाठीवर. "चला हो, थांबू नका," म्हणायच्या. आमच्या घाटकोपरच्या चाळीत नवं माणूस हमखास विचारायचं, ह्या बाईंचे पाय दुखतात का? पाय कसले दुखतायत! चांगले ठणठणीत होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मागून चालायचं म्हटल्यावर तीच सवय लागली.

मुलुंडला मतिमंद मुलांच्या एका शाळेत त्या शिकवायच्या. माझा थोरला भाऊ बाळ्या त्याच शाळेत होता. अठरावं वर्ष सरलं की शाळा संपायची. निरोप समारंभ व्हायचा, हातात गुलाबाचं फूल आणि पेढा द्यायचे, फोटो काढायचे, आणि मग मुलगा घरी. पुढे काय, हे कुणी विचारायचं नाही. बाई मात्र एकदा सहज म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला भांडुपला गेल्या. तो खाटेच्या पायाला जुन्या लुगड्यानं बांधलेला होता. त्याची आई काही कैदाशीण नव्हती. लोकांच्या घरी पोळ्या करायला जायची, मागे पोरगं रस्त्यावर जाऊन गाडीखाली येऊ नये म्हणून बांधून जायची. बाई त्याच्याजवळ ती येईपर्यंत बसून राहिल्या. त्यानंतर त्या कुठल्याच निरोप समारंभाला गेल्या नाहीत, आणि वर्षभरात शाळाही सोडली. भावाच्या घरी राहायचं, शिकवण्या करायच्या आणि उरलेला दिवस साकीनाका, मरोळ, भांडुपच्या कारखान्यांची फाटकं वाजवत शाळा संपलेल्या मुलांसाठी काम मागत फिरायचं, हा त्यांचा उद्योग झाला.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बाळ्या दारात बसला होता. मिसरूड फुटलेलं, दाढीचे खुंट वाढलेले आणि खाली हाफ चड्डी. मी त्याच्याहून लहान, पण मला फुलपँट आली होती. त्याच्यासाठी मात्र आई अजून चड्ड्याच शिवून घ्यायची. बाईंनी चपला काढल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काय बाळकृष्ण, कसे आहात तुम्ही?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आम्ही मालवणकडचे, घरात बोलणं तिकडचंच, मुलाला झील म्हणणारं. "अगो बाय, माझ्या झिलाक अहो-जाहो?"

"वय काय त्यांचं?" बाईंनी विचारलं. "आणि ह्या धाकट्याला कळत नाही का मोठ्या भावाला दादा म्हणायचं?" माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणायला लागलो, ते आजतागायत. आठवडाभरात तात्यांची, म्हणजे आमच्या वडिलांची, एक जुनी पँट कमरेत आवळून दादाच्या अंगावर आली. ती घालून तो चाळीच्या गॅलरीत असा काही ऐटीत फिरला की बघत राहावं.

"हात आवरा" हे बाईंचं पेटंट वाक्य. दादा शर्टाची बटणं लावतोय, एक वर एक खाली होतंय, आई पुढे सरसावते, की आल्याच बाई: "हात आवरा, वहिनी." तो रस्ता ओलांडतोय, मी त्याचं मनगट धरायला जातो, की मागून, "हात आवर रे." एकदा बटणं उलटसुलट लागलेल्या शर्टातच त्यांनी त्याला बाजारात नेलं. आई दिवसभर धुसफुसत होती. मला बाईंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू! माणसाला जरा तरी मायेचा ओलावा असावा, असं वाटायचं. पण पुढच्या आठवड्यात दादाची बटणं बरोबर लागली.

पाठराखीण हे नाव चाळीतल्या बायकांनी पाडलं. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला परकं वाटू नये म्हणून माहेरची एखादी बाई सोबत जाते, चार दिवस राहते आणि परत येते, ती पाठराखीण. बाईंनी दादासाठी साकीनाक्याला काम शोधलं आणि पहिल्या दिवशी त्या त्याच्या मागून जिना उतरल्या, तेव्हा खालून कुणीतरी ओरडलंच, "काय हो, नवरी निघाली वाटतं सासरी! पाठराखीण पण आहे!" सगळी चाळ फिदीफिदी हसली. बाईंना राग येईल असं मला वाटलं. तर त्या म्हणाल्या, "बरं नाव ठेवलंत. पण लक्षात ठेवा, पाठराखीण परत येते. तिथेच मुक्काम ठोकला तर ती मोलकरीण."

कारखाना औषधाच्या बाटल्यांच्या बुचांचा होता. बुचात रबराची चकती बसवायची आणि खोक्यात टाकायचं, हे दादाचं काम. सुरुवातीला बाई त्याच्या शेजारी पाटावर बसून स्वतःही चकत्या बसवत. शेठनं चहा पुढे केला तर म्हणाल्या, "मला नको. ते कामगार आहेत, त्यांना द्या." मग त्या दाराशी बसू लागल्या. मग फाटकाशी. मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. येताजाता बसमध्येही त्या मागच्या सीटवर आणि दादा पुढे. पाण्याचे मोठे पाइप दिसले की उतरायला उठायचं, एवढं त्याला पक्कं शिकवलं होतं. आणि एक दिवस त्या आत जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "बाळकृष्ण, तुम्हाला काम येतं. मी जाते. उद्या येणार नाही."

दादानं हातातलं बूच खाली ठेवलं, त्यांच्याकडे नीट बघितलं, "बरं" म्हणाला आणि पुन्हा बूच उचललं.

आईला हे पटलं नाही. "गुपचूप निघून यायचं होतंत बाई. तो रडलो असतो म्हणजे?"

"रडू दे की. नवरी नाही रडत? न सांगता गेलं की माणूस दाराकडे बघत बसतं, वहिनी. मी ते बघितलंय."

ती दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं. दादा सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी दमून यायचा आणि दमलेल्या माणसासारखा कुरकुरायचा. पगाराच्या दिवशी स्वतः कोळणीसमोर उकिडवा बसून बांगडे निवडायचा. कोळीणही त्याला "काय रं शेट" म्हणायची. आई रात्री दिवा मालवताना म्हणायची, "माझ्या मागे ह्याचा कसा होतला, ही काळजी मिटली." ह्या एका काळजीनं तिचे केस पांढरे झाले होते.

मग गिरण्यांचा संप झाला. तात्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आज मिटेल, उद्या मिटेल करत वर्ष गेलं. गावाकडून तांदूळ यायचे तेही थांबले. आई पापड लाटायची, मी कॉलेज सांभाळून पेपर टाकायचो, आणि घर चालायचं ते खरं दादाच्या पगारावर. बांगडा ताटात पडला की तात्यांची मान खाली जायची. एकदा ताट सारून उठले, "येड्या झिलाची कमाई खातंय मी," असं स्वतःशीच पुटपुटले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यांनी जे केलं ते वाईट मनानं केलं नाही, हे मी आज म्हणू शकतो. तेव्हा म्हणू शकलो नसतो. ते दादाच्या कारखान्यात गेले आणि शेठला म्हणाले, कसलंही काम द्या. शेठ म्हणाला, जागा नाही. पण मुलाची जागा तुम्ही घेत असाल तर घ्या, तुम्ही दुप्पट काम कराल, घरातला पगार घरातच. तात्यांना वाटलं, देवच पावला! घराला पैसे मिळतील, आपली मान वर होईल आणि बिचाऱ्या पोराला आराम. ते घरी पेढे घेऊन आले.

सोमवारी सकाळी दादा पँट घालून, डबा घेऊन तयार. आईनं त्याच्या हातातला डबा घेतला आणि तात्यांच्या हातात दिला. "आजपासून तात्या जातले. तू आराम कर हां, बाबा." दादानं तिच्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. तात्या जिना उतरले, तसा तोही त्यांच्या मागून उतरला. आम्हाला वाटलं, नाक्यापर्यंत जाऊन येईल. तो आला तो संध्याकाळी, तात्यांच्या मागून. तात्या वैतागले, ओरडले, एकदा तर हातही उगारला. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आम्हाला वाटलं, त्याला कळत नाहीये, जुन्या सवयीनं जातोय.

बाई त्यांनी कामाला लावलेल्या इतर मुलांना बघायला अधूनमधून साकीनाक्याला जायच्या. एक दिवस त्यांना दादा दिसला: कारखान्यासमोरच्या टपरीवर, त्यांच्याच बाकड्यावर, फाटकाकडे नजर लावून बसलेला.

"बाळकृष्ण, तुम्ही बाहेर का?"

"तात्या आत आहेत," दादा म्हणाला. "तात्या नवीन आहेत. मी मागे आहे."

हे बाईंनीच आम्हाला सांगितलं, त्याच संध्याकाळी. मी तात्यांकडे बघूच शकलो नाही.

"हे काय केलंत हो?" बाई म्हणाल्या.

"काय वायट केलंय?" तात्या तडकले. "बापूस जितो आसताना झिलान कित्याक राबाचा? काम घरातच रवला मगे!"

"गिरणीचं दार बंद झालं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

तात्यांनी मान फिरवली.

"त्यांनाही तसंच वाटतंय. त्यांच्या तर बापानंच बंद केलं."

आई स्फुंदून रडायला लागली. तात्या हळूच म्हणाले, "बाई, मग आमी खावचा काय? तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः शेठकडे गेले, मुलाला परत घ्या म्हणाले. बाईही गेल्या. ज्या बाईंनी कधी कुठल्या मालकाला साधं थँक्यू म्हटलं नव्हतं, त्यांनी हात जोडले. शेठ म्हणाला, "बाई, बाहेर रांग बघा. धडधाकट गिरणी कामगार अर्ध्या पगारात उभे आहेत. आपण धंदा करतो, धर्मशाळा नाय." आणि रांग खरीच होती. नुसती तिथेच नव्हती. मरोळला, भांडुपला, सगळीकडे होती. बाईंनी लावलेली पोरं एकेक करून घरी आली. मुलाला काढलं असा निरोप मिळाला की बाई त्या कारखान्यात जायच्या, आणि जसं पोचवायला गेल्या तसंच त्याच्या मागून चालत त्याला घरी आणायच्या. "सोडायला मी गेले होते, आणायलाही मीच जाणार," म्हणायच्या. नवरी कायमची माहेरी परत यावी आणि सोबत पाठराखीण असावी, असं ते दृश्य. चाळीतल्या बायका आता हसत नसत.

दादाला पुन्हा काम मिळालं नाही, ते आताच सांगून टाकतो. गिरणी उघडली, पण तात्यांना परत घेतलं नाही. ते त्या बुचांपाशीच म्हातारे झाले. दादा पुन्हा दारात बसू लागला. एक केलं त्यानं: फुलपँट सोडली नाही.

बाईंना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरनं काय सांगितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण अंगावरची साडी लोंबायला लागली होती. अशाच एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या. आईनं पाणी दिलं. त्यांनी तिला सांगितलं, हवापालटाला गावी जातेय. मला सांगितलं, अभ्यास कर. मग दादासमोर उभ्या राहिल्या.

"बाळकृष्ण, मी जाते. उद्या येणार नाही."

दादानं विचारलं, "परवा?"

"परवाही नाही."

तो त्यांच्याकडे नीट बघत राहिला आणि "बरं" म्हणाला. आम्ही सगळे शहाणे हवापालटावर विश्वास ठेवून बसलो. खरं काय ते फक्त दादाला सांगितलेलं होतं.

त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा तात्या, मी आणि दादा मुलुंडला त्यांच्या भावाच्या घरी गेलो. तिथे दादा बाईंच्या शेजारी बसून राहिला. स्मशानात अग्नी दिल्यावर लोक मागे सरले, हा मात्र चितेच्या अगदी जवळ. धग लागत होती तरी हलेना. मग थोड्या वेळानं आपण होऊन मागे आला आणि पत्र्याच्या शेडच्या खांबाशी उभा राहिला. मग फाटकाशी. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जाऊन बसला.

"अरे, खंय चललंस?" तात्या त्याला आणायला धावले. मी त्यांचा हात धरला. मला कळलं होतं: कारखान्यात बाई अशाच एकेक पाऊल मागे सरल्या होत्या.

दादा बराच वेळ बसला. मग उठला, रस्ता ओलांडून परत आत आला, सरळ चितेसमोर. शर्ट पँटीत नीट खोचला.

"बाई," तो म्हणाला, "मी जातो. उद्या येणार नाही."

आणि वळून चालायला लागला. फाटकाबाहेर गाड्यांची वर्दळ होती. तात्यांनी त्याचं मनगट धरायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. "तू फुडे हो," म्हणाले. दादा पुढे झाला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, रस्ता ओलांडला आणि बसच्या थांब्याकडे निघाला. तात्या त्याच्या मागून चालत होते, नजर त्याच्या पाठीवर.