तोंडातल्या टाचण्या

शाळेत आम्ही तिला टाचणी म्हणायचो. एक तर ती अंगाने तशीच, आणि दुसरं म्हणजे आईवडिलांच्या शिलाईच्या दुकानात ती कायम ओठांत पाच-सहा टाचण्या धरून बसलेली असायची. मला वाटायचं, शिंप्याची मुलगी. रक्तातच असणार.

गेल्या आठवड्यात तिने माझ्या जॅकेटचं माप घेतलं. आता तिचं स्वतःचं दुकान आहे. टाचण्या मनगटावरच्या छोट्या उशीत खोचलेल्या.

"तोंडातल्या कुठे गेल्या गं?" मी गमतीत विचारलं.

"आता गरज पडत नाही. हात वर कर."

मग माप घेता घेता तिने सगळं सांगितलं. मी दहा वर्षं तिच्याच बाकावर बसले होते. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

वडील कापड कापायचे, आई शिवायची. एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरावर. ती तेरा वर्षांची असताना दोघांचं बोलणं बंद झालं. कशावरून, ते तिला आजही नक्की ठाऊक नाही. पण कपडे वेळेवर द्यायचेच होते. मग मधे ही.

वडील म्हणायचे, "तिला सांग, कॉलर वाकडी बसलीय. डोळे फुटलेत का म्हणावं."

ही चार पावलं जायची. "आई, कॉलर एकदा बघशील का?"

"त्यांना सांग, कापताना डोकं कुठे ठेवलं होतं?"

पुन्हा चार पावलं. "बाबा, आई म्हणते, कापडच जरा तिरकं असेल."

दोघांनाही सगळं ऐकू जायचं. पण मशीन सुरू असलं की थोडं कमी. म्हणून आईचं मशीन थांबलं की ही मोठ्याने खोकायची.

शाळा सुटायच्या वेळी तिचं पोट दुखायचं. आम्ही म्हणायचो, नाटकं करते. वर्गात कुणी आवाज चढवला की हिचे हात गार पडायचे. चूक कुणाचीही असो, सॉरी हीच म्हणायची. नववीत ती दोन विषयांत नापास झाली. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. पोटाला काही झालेलंच नव्हतं.

एकदा कपड्याच्या खालच्या काठाची दुमड टाचताना तिच्या ओठांत टाचण्या होत्या. वडील म्हणाले, "तिला सांग..." आणि थांबले. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला बोलता येत नाही. तेव्हापासून ती दुकानात शिरली की आधी टाचण्यांची डबी उघडायची.

पण सगळा वेळ थोडंच टाचत बसता येतं?

ती सोळा वर्षांची असताना एका मॅनेजरबाईंचा कोट शिवायला आला. वडील म्हणाले, "तिला सांग, डावा खांदा उतरलाय. आजच्या आज उसवून पुन्हा बसव." आईचं मशीन सुरू होतं, तिला ते ऐकू गेलं नाही. हिने नेहमीसारखं मऊ केलं. "आई, जमलं तर डावा खांदा बघ." आईने बघितला. तिला बरा वाटला.

बाई आल्या. कोट घातला. आरशात डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "एका खांद्यावर पोतं ठेवल्यासारखं दिसतंय," म्हणाल्या आणि कोट काढून टेबलावर टाकून गेल्या.

आई आणि वडील, दोघांनीही हिच्याकडे बघितलं.

"तू नीट सांगितलं होतंस का?" दोघांनी एकदमच विचारलं. तीन वर्षांत त्यांचं हे पहिलं एकमत.

"मी नीट कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता सांगते." आणि पाठ असल्यासारखं सगळं सांगितलं. डोळे फुटलेत, डोकं कुठे ठेवलं होतं, बारशाला गेलेली बाराव्याला आली, सगळं. मूळ शब्दांत. आवाज न चढवता.

"इथून पुढे मी कपडे शिवीन. निरोप नाही."

तिने डबी उघडली. ओठांत टाचण्या धरल्या. कोट मांडीवर घेतला.

वडील मापाच्या टेपशी खेळत राहिले. मग म्हणाले, "तिला सांग..."

हिने ओठांकडे बोट दाखवलं.

रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. इस्त्रीचा दिवा लागला, विझला.

"अगं," वडील म्हणाले. टेप गुंडाळून ठेवला. मग, "डावा खांदा."

आईने मशीनवरून मान वर केली नाही. "किती?"

"अर्धा इंच."

"मग तसं आधी सांगायचं."

"आता सांगितलं ना."

टाचणी म्हणते, तिचे हात तेव्हाही गार पडले होते. तरी टाचण्या तिने काढल्या नाहीत. त्या संध्याकाळी पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं. हळूहळू थांबलं.

"मग? गोडीगुलाबीने राहतात आता?" मी विचारलं.

"छे! कडाकडा भांडतात. पण आपापसात."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती. टाचणीने क्षणभर ऐकलं.

"बाबा कुठे आहेत? समोरच ना? मग त्यांनाच सांग, आई. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

फोन ठेवून तिने टेप माझ्या खांद्यावर लावला.

"सरळ उभी राहा," म्हणाली. "तुझाही डावा खांदा उतरता आहे."