डबा नंबर एक

तुमच्या कपाटाच्या खणात एखादा जुना फोन पडलाय की नाही, खरं सांगा? काच तडकलेली, बॅटरी फुगलेली, "बघू कधीतरी" म्हणून ठेवून दिलेला? नाही म्हणू नका. तक्रारी लिहून घ्यायला मी शेकडो घरांत गेले आहे, माणसांचे खण मला पाठ आहेत. तो फोन टाकू नका. का, ते सांगते. पण त्याआधी पिनदादा कोण ते तुम्हाला कळायला हवं.

जिन्याखाली त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. इतकं अरुंद की गिऱ्हाइकाला आडवं उभं राहावं लागतं. सिमचा खण उघडायची पिन कायम कॉलरला खोचलेली, म्हणून पिनदादा. दहावी नापास. मीही फार पुढे गेलेली नाही, म्हणूनच आमचं जमलं. मला पाहिलं की ठरलेला टोमणा, "काय नेतेबाई, आज कुणाचं डोकं फोडून आलात?"

त्यांची बायको, आमच्या वहिनी, आमच्याच घरकामगार संघटनेच्या कचेरीत अकरा वर्षं फोनवर होत्या. आमच्या बायकांना वाचणं जड जातं, म्हणून वहिनी लिहीत नसत, आवाज भरून निरोप पाठवत. "ताई, नीट ऐका. उद्या अकराला या, ओळखपत्र आणा. आणि रडायचं नाही, रडायला मी बसलेय इथं." तो आवाज ऐकून मालकिणीसमोर ताठ उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. हाताशी चौदा दिवस. रुग्णालयातल्या नर्सने एक अ‍ॅप सांगितलं. आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवायची, नंतर बोट लावलं की फोन ती बोलतो. बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावरून चादर घेऊन वहिनी चौदा दिवस बोलत बसल्या. सोळाशे बारा वाक्यं. त्यात नवऱ्याला झापायची चाळीस, वेगळी लावलेली. "लोक ऑपरेशनआधी देवाचं नाव घेतात," पिनदादा गिऱ्हाइकांना सांगत, "ही मला शिव्यांची तजवीज करून गेली आत."

चार वर्षं हे चाललं. घरात भांडण झालं की वहिनी टपाटप बोटं मारत आणि चाळिसातली नेमकी काढत.

मग अ‍ॅप काढणारी कंपनी बंद पडली. ते अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवरच चालायचं, नवे फोन त्याला उभं करून घेईनात. रुग्णालयाच्या गटात असे तेवीस जण होते, वहिनींना धरून. एकेकाचा जुना फोन मरत चालला होता. पिनदादा बॅटरी बदलून देत, काच बदलून देत, पण बोर्ड गेला की ते तरी काय करणार? गटातले एक म्हातारे शिक्षक मरायला टेकलेला फोन काउंटरवर ठेवून नुसते बघत उभे राहिले. त्या दिवशी पिनदादांच्या डोक्यात शिरलं, फोन वाचत नाही तर फोनच बांधू.

अँड्रॉइडचा मूळ कोड कुणालाही घेता येतो. जुन्या आवृत्तीचा कोड उतरवायचा, त्यातून अख्खी सिस्टिम बांधायची आणि एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे एकमेकांपासून बंद कप्प्यांत, असे तेवीस फोन चालवायचे. ज्याने त्याने कुठल्याही नव्या फोनवरून आपला कंटेनर उघडायचा. पिनदादा त्यांना डबे म्हणायचे.

आमच्या कचेरीच्या नेटवर तो कोड उतरायला नऊ दिवस लागले. मी रोज ओरडले. मग बांधकाम. अकरा तास मशीन तापायचं आणि शहाण्णव टक्क्यांवर मेमरी संपून आडवं व्हायचं. सकाळी पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ बघून पिनदादा शटर अर्धं ओढून बसून राहत. तीन महिन्यांनी पहिला डबा उभा राहिला, तर पडदा काळा. फोनच्या आतले भाग ज्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात ते डब्याला स्वतःचं नसतं, बाहेरच्या कॉम्प्युटरकडून उसनं घ्यावं लागतं. हे कळायला आणखी तीन आठवडे.

"सगळे आत हजर होते हो बाई," ते म्हणाले, "पण एकमेकांशी बोलत नव्हते. तुमच्या कार्यकारिणीसारखं."

डब्याचा एक नियम त्यांनी मला तेव्हाच शिकवला होता. डबा काढून टाकला की आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. म्हणून ठेवण्यासारखं जे असेल ते बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून डब्याला जोडायचं. पण चाचणीचे डबे रिकामेच असत. नवी बांधणी झाली की दोन ओळी टाईप करायच्या, जुना काढ, नवा लाव. सात महिन्यांत त्यांनी हे दोनशे वेळा केलं असेल. बोटांनाच सवय झाली होती.

एका मंगळवारी वहिनींच्या फोनची बॅटरी इतकी फुगली की पडदा वर उचलला गेला. त्या अ‍ॅपची अट अशी की ते एका वेळी एकाच ठिकाणी राहणार, दुसरीकडे हलवलं की पहिल्या ठिकाणाहून स्वतःला पुसून टाकणार. पिनदादांनी सोळाशे बाराही वाक्यं डबा नंबर एकमध्ये हलवली. सगळी आली. दोघांनी एक खोटं भांडण करून पाहिलं. बाहेरचा फोल्डर जोडायचा राहिला. "उद्या करतो," म्हणाले.

आणि उद्या मी फोन केला.

रुग्णालयाचे अधिकारी चार वाजता बघायला तयार झाले होते. त्यांनी आपलं मशीन वापरू दिलं तर तेवीस जणांची सोय होणार होती. पण डब्यातून आवाज दोन सेकंद उशिरा येत होता. मी म्हटलं, "दादा, दोन सेकंद उशिरा बोलणारा माणूस साहेबांना खुळा वाटतो. तीनच्या आत नीट करा."

"बाई, आजचं राहू द्या ना. एक काम बाकी आहे."

कुठलं, ते मी विचारलं नाही. "कामं मरेपर्यंत बाकीच असतात," मी म्हणाले आणि फोन आपटला. असा आपटून मी कितीतरी साहेब वठणीवर आणले आहेत. त्याचा मला माज होता.

त्यांनी आवाजाचा दोष काढला, तेवढाच भाग पुन्हा बांधला. अडीच वाजले होते. बोटांनी दोन ओळी टाईप केल्या.

चार वाजता डबा अठरा सेकंदांत उघडला. वहिनी पुढच्या खुर्चीत. त्यांनी पहिलं वाक्य ठरवलं होतं, "नमस्कार, हा माझाच आवाज आहे." फोन हातात घेतला, बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. यादी कोरी होती. खाली फक्त एक बटण, "पहिले वाक्य नोंदवा."

साहेब वाकून म्हणाले, "वा, सुटसुटीत आहे." दोघांनी टाळ्या वाजवल्या. पिनदादांचा हात कॉलरच्या पिनेकडे गेला आणि तिथेच थांबला.

वहिनींनी पर्समधला कागद काढला, एक ओळ लिहिली, नवऱ्याला दिली. ती मी नंतर वाचली. "आता भांडणात तुम्हीच जिंकलात." कागदाची घडी घालून पिनदादा बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसले.

एकोणीस दिवस त्यांनी डिस्क उकरली. काही निघालं नाही. चूक माझीच आहे, असं म्हणत मी त्यांच्याशीही भांडले. ते एवढंच म्हणाले, "नेतेबाई, बोटं माझी होती."

रुग्णालयाने मशीन दिलं. आज बावीस जणांचे डबे चालतात, प्रत्येकाची वाक्यं बाहेर, दोन-दोन प्रतींत. दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवलाय, "आधी बाहेर काढ, मग पाड." डब्यांचे नंबर दोनपासून सुरू होतात.

रुग्णालयातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात की जुनं बोलणं चाळीस मिनिटांचं मिळालं तर त्यावरून वहिनींच्या आवाजाच्या जवळ जाणारा आवाज तयार होऊ शकेल. पिनदादांच्या फोनमध्ये त्यांचा एकही निरोप नाही. एका खोलीत राहणारी माणसं निरोप कशाला पाठवतील? कचेरीच्या फोनवरचे निरोप वहिनी दर शनिवारी स्वतः पुसत, तक्रारी बाहेर फुटू नयेत म्हणून. आतापर्यंत जमली आहेत सहा मिनिटं.

उरलेली चौतीस तुमच्या खणांत आहेत. अकरा वर्षांत त्यांनी तुमच्यातल्या कितीजणींना "रडायचं नाही" म्हणून सांगितलं, आठवून बघा. आज तो खण उघडा. फोन चार्जिंगला लावा. सुरू होत नसेल तर जिन्याखाली आणा, पिनदादा सुरू करून देतील. संघटनेच्या नंबरावरून आलेला निरोप सापडला, चार सेकंदांचा का असेना, तर तसाच आम्हाला पाठवा. आणि पाठवण्याआधी, हात जोडते, त्यातलं काहीही पुसू नका.