मागचा जिना

दिवाणखान्याची मोठी तुळई मोडली तेव्हा खाला आणि मी वरच्या मजल्यावर होतो. पायाखालच्या फळ्या कलल्या. पितळी तस्त घरंगळत पुढच्या जिन्याकडे गेलं. अंगणात नमाजहून परतलेले पुरुष ओरडत होते, "पुढच्या जिन्यानं या! लवकर!"

खाला त्या घराच्या मालकीण, आणि मी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला. मी त्यांचा हात धरून ओढलं, तर त्या हलेनात.

"त्या जिन्यानं न्हाय. खाली परके पुरुष हायत."

"घर पडतंय, खाला! या वयात तुमच्यात बघण्यासारखं काय राहिलंय?"

"घराआधी तुझी जीभ झडू दे," म्हणाल्या आणि मागच्या जिन्याकडे वळल्या. त्यांना एकटं कसं सोडणार? मीही गेले.

निजामपुऱ्यातलं हे घर त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधलं. लाकडाचा व्यापार होता. रंगूनचं सागवान खाडीतून भिवंडीला उतरायचं, त्यातलं निवडक घराला लागलं. आधी मोठा दरवाजा, मग अंगण, मग दिवाणखाना. खिडक्यांना रंगीत काचा. दुपारी फरशीवर लाल-निळा उजेड पडायचा आणि पुसताना मळ कुठला, रंग कुठला, कळायचं नाही. मी वैतागायचे. आता तो उजेड आठवतो.

पुढचा जिना रुंद, नक्षीच्या कठड्याचा. तो पाहुण्या पुरुषांचा. बायकांचा जिना मागे, विहिरीकडे उतरणारा, जाड दगडी भिंतीच्या पोटात. अंधारा आणि अरुंद. पाण्याची कळशी घेऊन चढताना कोपर खरचटायचं. बांधणाऱ्याला मी रोज शिव्या दिल्या आहेत.

पुढं पाहुणे येईनासे झाले. खालांच्या पुतण्यानं दिवाणखान्यात कापड विणायचे लूम बसवले. मधला खांब आडवा येत होता.

"चाची, लूमला खांब चालत न्हाय."

"आणि घराला?" खालांनी विचारलं.

तो हसला. खांब कापला, वर लोखंडी गर्डर टाकला. तेव्हापासून वरच्या मजल्यावर कपातला चहा थरथरायचा. खाला कप बशीत ठेवतच नसत, हातात धरूनच पीत. तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही. तुळई मोडली त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून लूम बंद आणि खाली कारागीर नव्हते.

मागच्या जिन्यात खाला भिंत चाचपत पुढे, मी मागे. अर्ध्यावर आलो आणि मोठा आवाज झाला. धूळ नाकातोंडात गेली. दिवाणखाना पुढच्या जिन्यासकट खाली आला होता. आमच्या पायाखालची पायरी हललीसुद्धा नाही.

विहिरीपाशी बाहेर पडल्यावर खालांनी आधी डोक्यावरची ओढणी सारखी केली. पुतण्या रडत धावत आला. "चाची! चाची!"

"तोंड धू आधी," त्या म्हणाल्या.

आता तिथं गाळे आहेत. जिनाही पाडला.

त्या वेळी वर आम्ही दोघीच होतो. दोघी जगलो.